डाग कोणाचा? रक्तगटाच्या पुराव्याचा आढावा

मेळघाटातल्या सेमाडोहच्या परिसरात एखाद्या कुऱ्हाडीच्या पात्यावर वाळलेला तांबूस डाग सापडला, की तपास करणाऱ्यापुढे प्रश्न ओळीने उभे राहतात. हे रक्तच आहे का? असेल तर माणसाचे की जनावराचे? जनावराचे असेल तर घरच्या बकरीचे की जंगलातल्या सांबराचे? आणि माणसाचे असेल तर कोणाचे? मेळघाटात यातला पहिला प्रश्नसुद्धा वरवरचा नाही. सागाचे कोवळे पान तळहातावर चुरगाळले की हात लालभडक होतो, आणि कुऱ्हाड तर सागावरच चालते. दुसरा प्रश्नही इथे रोजचा आहे, कारण व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मांस कोणत्या प्राण्याचे यावर वन्यजीव कायद्याखालचा अख्खा खटला उभा राहतो किंवा कोसळतो.

न्यायवैद्यक शास्त्राने हे प्रश्न जवळपास याच क्रमाने सोडवत आणले. त्याला आता दीडशेहून जास्त वर्षे झाली. या काळात रक्ताचा पुरावा किती बोलतो आणि किती बोलत नाही, याबद्दलचे मत अनेकदा बदलले. आजही प्रयोगशाळा, न्यायालय आणि रुग्णालय या तिघांचे त्यावर एकमत नाही. तो वाद कुठवर आला आहे, हे या लेखात पाहायचे आहे.

रक्त आहे का, आणि कोणाच्या जातकुळीचे

डाग रक्ताचा आहे हे ठरवण्याच्या रासायनिक चाचण्या एकोणिसाव्या शतकातच आल्या. टाइखमान यांनी १८५३ मध्ये वाळलेल्या रक्तातून हेमिनचे स्फटिक तयार करून दाखवले. विसाव्या शतकाच्या आरंभी बेंझिडिन आणि फिनॉल्फ्थॅलिनच्या चाचण्या आल्या. त्या अतिशय तीक्ष्ण, पण भोळ्या. काही वनस्पतींचे रस आणि गंजही त्यांना फसवू शकतात. म्हणून या चाचण्यांचा 'हो' फक्त पुढच्या चाचणीचे दार उघडतो. 'नाही' मात्र बराच भरवशाचा असतो. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तो पुन्हा भेटतो.

माणसाचे रक्त वेगळे ओळखण्याची युक्ती पाउल उलेनहुथ यांनी १९०१ मध्ये जर्मनीत शोधली. सशाला मानवी रक्तद्रव टोचले की त्याच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात. तो रक्तरस डागाच्या अर्काशी भिडवला, की मानवी रक्त असल्यास दोघांच्या सीमेवर पांढुरका साका धरतो. त्याच वर्षी र‍्यूगेन बेटावर दोन लहान मुलांचा खून झाला. संशयित सुतार होता आणि कपड्यांवरचे डाग लाकडाच्या रंगाचे आहेत, असे त्याचे म्हणणे होते. उलेनहुथ यांनी त्या कपड्यांवर माणसाचे आणि मेंढीचे रक्त दाखवून दिले. मेळघाटातल्या सागाच्या रंगाचा बचाव तिथे सुताराच्या रंगाच्या रूपाने आला होता, असे म्हणायला हरकत नाही.

या चाचणीची मर्यादा जवळच्या नात्यातल्या प्राण्यांमध्ये उघडी पडते. गाय आणि म्हैस, सांबर आणि चितळ यांच्या प्रथिनांत इतके साम्य असते, की एकाविरुद्धचा रक्तरस दुसऱ्यालाही थोडाफार प्रतिसाद देतो. ही अडचण डीएनएने दूर केली. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातल्या, म्हणजे सीसीएमबीतल्या, संशोधकांनी २००३ मध्ये सायटोक्रोम बी या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकाच्या तुकड्यावरून प्राण्याची जात ओळखण्याची सर्वांना लागू पडणारी पद्धत मांडली. वन्यजीवांच्या बाबतीत हा प्रश्न शास्त्रापुरता तरी सुटला आहे, असे मी समजतो.

चार गट आणि वाळलेला डाग

व्हिएन्नात कार्ल लांडश्टायनर यांनी १९०१ मध्ये मानवी रक्ताचे गट दाखवले. पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांनी एबी हा चौथा गट जोडला. आज हा शोध आपण रक्त चढवण्याशी जोडतो, पण लांडश्टायनर यांच्या मनात गुन्ह्याचा डागही पहिल्यापासून होता. १९०३ मध्ये त्यांनी माक्स रिश्टर यांच्यासह वाळलेल्या डागावरून गट ओळखण्याचा विचार मांडला. रुग्णालयात दाता आणि रुग्ण यांची जुळवणी करून रक्त देण्याची पद्धत ऑटेनबर्ग यांनी न्यूयॉर्कमध्ये १९०७ च्या सुमारास सुरू केली. त्या अर्थाने दोन्ही वाटा एकाच घरातून निघाल्या.

डागावर गट ओळखणे पहिल्यांदा जमले ते इटलीत, लिओने लात्तेस यांना १९१५ मध्ये. प्रकरण घरगुती होते. नवऱ्याच्या सदऱ्यावरचा डाग त्याचा स्वतःचा की दुसऱ्या कोणाचा, एवढाच प्रश्न. लात्तेस यांची रीत डागातल्या प्रतिद्रव्यांवर अवलंबून होती आणि ती द्रव्ये लवकर नासतात. त्यामुळे डाग ताजा हवा. पुढे इटलीतच सिराकुसा यांनी १९२३ मध्ये उलटी वाट धरली आणि १९६० मध्ये इंग्लंडच्या स्टुअर्ट काइंड यांनी ती व्यवहारात पक्की केली. वाळताना लाल पेशी फुटतात, पण त्यांच्या पृष्ठभागावरचे ए किंवा बी द्रव्य धाग्याला चिकटून राहते. त्यावर ओळखीची प्रतिद्रव्ये सोडायची. जुळणारी असतील ती चिकटतात, बाकीची धुऊन टाकायची. मग धागा साधारण ५५-५६ अंशांवर ऊब देऊन चिकटलेली प्रतिद्रव्ये सोडवायची आणि ओळखीच्या पेशींत मिसळायची. गुठळ्या झाल्या की गट कळला. यासाठी एक-दोन धागेही पुरतात.

ही पद्धत जितकी नाजूक, तितकी बाहेरच्या भेसळीला बळी पडणारी. काही जिवाणूंच्या अंगावर बी गटासारखी द्रव्ये असतात. घाम, लाळ यांतही सुमारे ऐंशी टक्के लोकांची गटद्रव्ये उतरतात. म्हणून डागाशेजारचे कोरे कापडही तुलनेसाठी तपासावे लागते. पावसाळ्यात ओलसर राहिलेला, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला कपडा प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जिवाणूंनी भरलेला असतो. डाग सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावा, ही सूचना जुनीच आहे. जिथे डाग उचलला जातो तिथे ती किती पाळली जाते, यावर पुढचे सगळे ठरते.

भारतात मुंबईतली रासायनिक विश्लेषकाची प्रयोगशाळा १८७० पासूनची. रक्ताचे मूळ आणि गट ठरवण्याचे काम मात्र दीर्घकाळ कलकत्त्याच्या एकाच सरकारी सिरॉलॉजिस्टकडे होते. देशभरचे डाग तिथे जात. जुन्या निकालपत्रांत 'इम्पीरियल सिरॉलॉजिस्टचा अहवाल' हे शब्द वारंवार येतात ते यामुळे. आता महाराष्ट्रात मुंबईच्या कलिना इथल्या मुख्य प्रयोगशाळेखेरीज प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहेत आणि अमरावतीतही एक आहे. लोकांच्या तोंडी त्यांच्या अहवालाचे नाव अजून 'सीए रिपोर्ट', म्हणजे केमिकल अॅनालायझरचा रिपोर्ट, असेच आहे.

गटाचा पुरावा किती वजनाचा, हे त्या गटाची माणसे किती यावर ठरते. आपल्याकडे ओ आणि बी मिळून साधारण दोन-तृतीयांश लोक भरतात. कुऱ्हाडीवर बी गट सापडला आणि मृताचा गटही बी असला, तरी गावातल्या जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या माणसाचे रक्त त्या डागाला जुळेल. गट वेगळा निघाला तर मात्र तो डाग मृताचा नाही, हे एका फटक्यात कळते. निदान १९५२ पर्यंत सगळे असेच मानत होते.

परळचा शोध

त्या वर्षी मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी इंग्लंडमधल्या संशोधकांसह 'लॅन्सेट'मध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. परळमध्ये त्यांना तीन व्यक्ती अशा आढळल्या होत्या, की त्यांच्या पेशींवर ए नाही, बी नाही, म्हणून गट ओ वाटावा. पण त्यांचा रक्तरस ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करत होता. ए आणि बी ही द्रव्ये ज्या पायावर रचली जातात तो एच नावाचा पायाच त्यांच्यात नव्हता. हाच तो 'बॉम्बे' रक्तगट. भारतात तो साधारण दहा हजारांत एकाला असतो असे म्हणतात. पुढे १९५७ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगटांचे संदर्भ केंद्र सुरू केले. आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था ती हीच.

रक्तपेढीसाठी या शोधाचा अर्थ सरळ आहे. अशा रुग्णाला ओ गटाचे रक्तही घातक ठरते. न्यायवैद्यकासाठी तो जास्त खोल जातो, आणि माझ्या मते त्याची दखल आपल्याकडे पुरेशी घेतली गेलेली नाही. रुग्णालयात ओ गट ओळखला जातो तो ए आणि बी यांच्या अभावावरून. डागावर मात्र अभावाला किंमत नसते, कारण डाग नासला तरी ए-बी दिसत नाहीत. तिथे ओ ठरवायला एच द्रव्य सापडावे लागते. म्हणजे बॉम्बे गटाचा माणूस नीट जुळवणी न करणाऱ्या रुग्णालयाच्या कागदावर ओ असेल आणि त्याच्याच रक्ताचा डाग प्रयोगशाळेत 'निर्णय लागत नाही' असा येईल. दोन्ही कागद प्रामाणिक, आणि तरी न्यायालयात ते एकमेकांना खोडणार.

पितृत्वाच्या प्रश्नात तर घोटाळा आणखी मोठा. दोन्ही पालकांचा गट ओ आणि मूल बी, हे नेहमीच्या हिशेबात अशक्य. पण आई बॉम्बे गटाची असेल आणि तिच्या जनुकांत बी दडलेला असेल, तर तो मुलात प्रकट होऊ शकतो, कारण एचचा पाया त्याला बापाकडून मिळतो. 'नाही' हे उत्तर सर्वांत पक्के मानले जात होते. परळच्या तीन माणसांनी त्यालाही अट घातली.

एच द्रव्य शोधायला काटेरी गोर्स झुडपाच्या बियांचा अर्क वापरतात. त्याच सुमारास जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी कुळथाच्या अर्कात ए गटाच्या पेशींच्या गुठळ्या करणारे द्रव्य शोधून काढले होते. ते तेव्हा पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात होते. ए१ आणि ए२ हे पोटगट वेगळे करायला जगभरच्या प्रयोगशाळा आजही तो अर्क वापरतात. आपल्या शेतातला हुलगा या शास्त्राच्या पेटीत जाऊन बसला, ही गोष्ट शाळेत सांगण्यासारखी आहे.

चढवलेले रक्त

रक्तगटाच्या पुराव्याला सर्वांत जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे रक्त चढवणे. गंभीर जखमी माणसाला गट तपासायलाही वेळ नसेल तर ओ गटाचे रक्त दिले जाते. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते आणि आपल्याकडे पिशवी ३५० किंवा ४५० मिलिलिटरची. चार-सहा पिशव्या चढल्यानंतर माणूस दगावला आणि शवविच्छेदनाच्या वेळी रक्ताचा नमुना घेतला, तर तो दात्यांच्या आणि त्याच्या पेशींची सरमिसळ दाखवतो. ज्या नमुन्याशी कुऱ्हाडीवरचा डाग ताडायचा, तो नमुनाच त्याचा राहिलेला नसतो. दात्याच्या लाल पेशी काही आठवडे टिकतात, त्यामुळे जखमी वाचला तरी अडचण कायम राहते.

यावरचा उपाय साधा आहे. रक्त देण्यापूर्वी जुळवणीसाठी घेतलेला नमुना हा खरा नमुना. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालच्या नियमांनुसार रक्तपेढीने तो सात दिवस शीतकपाटात ठेवायचा असतो. हा नियम रुग्णाला काही प्रतिक्रिया झाली तर तपासता यावे म्हणून केलेला आहे. पोलीस तपास त्याच्या हिशेबात नाही. सेमाडोहजवळ जखमी झालेला माणूस परतवाड्यामार्गे अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात पोचतो, तिथून कदाचित नागपूरला. गुन्हा ज्या ठाण्यात नोंदला आणि रक्त ज्या रुग्णालयात चढले, त्यांत दीडशे-दोनशे किलोमीटर अंतर पडू शकते. सात दिवस तेवढ्यातच सरतात.

मेळघाटात आणि एकूण विदर्भात याला सिकलसेलचा आणखी एक पदर आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्येच केली. विदर्भातल्या आदिवासी आणि इतर काही समाजांत हा विकार मोठ्या प्रमाणात आढळतो. सिकलचे हिमोग्लोबिन वाळलेल्या डागातही विद्युतप्रवाहाच्या पद्धतीने ओळखता येते. म्हणून तेही एक ओळखचिन्ह मानले गेले. पण सिकलसेलच्या रुग्णांना वरचेवर रक्त चढवावे लागते आणि प्रत्येक वेळी सामान्य हिमोग्लोबिनचा वाटा वाढतो. एकाच माणसाचे रक्त जानेवारीत आणि जूनमध्ये या चाचणीत वेगळे दिसू शकते. अशा रुग्णाच्या बाबतीत रक्त चढवल्याच्या तारखा पाहिल्याशिवाय अहवाल वाचूच नये, असे मला वाटते.

डीएनए आल्यावर

एमएन गट १९२७ मध्ये आले, ऱ्हीसस १९४० मध्ये. साठच्या दशकात पीजीएम या विकराचे प्रकार डागात ओळखता येऊ लागले. अशी चिन्हे एकत्र केली की जुळणाऱ्या माणसांची टक्केवारी घसरत जाई. मग १९८४ मध्ये लेस्टरला अॅलेक जेफ्रीज यांनी डीएनएचा ठसा शोधला.

लेस्टरच्याच परगण्यातल्या दोन मुलींच्या खुनांत ही पद्धत गुन्ह्याच्या तपासासाठी पहिल्यांदा वापरली गेली. तिने सर्वांत आधी, कबुली दिलेल्या एका तरुणाला निर्दोष ठरवले. नंतर परिसरातल्या हजारो पुरुषांचे रक्त घेतले गेले. त्या सगळ्यांचा डीएनए काढणे तेव्हा शक्य नव्हते, म्हणून आधी ए गट आणि पीजीएमचा विशिष्ट प्रकार यांवरून चाळणी लावली. साधारण दहा टक्के पुरुष त्यातून खाली उतरले आणि त्यांचीच पुढची तपासणी झाली. भारतात सीसीएमबीचे लालजी सिंग यांनी या शतकाच्या कितीतरी आधी, ऐंशीच्या दशकाअखेरीस ही पद्धत उभी केली. २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत आरोपीच्या वैद्यकीय तपासणीच्या व्याख्येत डीएनएचा स्पष्ट समावेश झाला.

त्यानंतर पश्चिमेकडच्या बहुतेक प्रयोगशाळांनी डागावर गट काढणे सोडून दिले. आपल्याकडे ते चालू आहे आणि त्यावर दोन मते आहेत. एका बाजूचे म्हणणे असे, की गटाची चाचणी स्वस्त आहे, लवकर होते आणि डझनभर जप्त वस्तूंतून डीएनएसाठी कोणत्या निवडाव्यात हे सांगते. दुसरी बाजू म्हणते, की लहान डागातले धागे गटासाठी खर्च केले तर डीएनएसाठी उरत नाही. शिवाय 'बी गट' असे लिहिलेला अहवाल न्यायालयात गरजेपेक्षा जास्त वजनाचा वाटतो. मला दुसरे म्हणणे अधिक पटते, पण डीएनए विभागांवरचा कामाचा भार पाहता पहिल्या मतातला व्यवहारही नाकारता येत नाही.

डीएनएनेही रक्त चढवण्याचा प्रश्न पूर्णपणे मिटवला नाही. लाल पेशींत केंद्रक नसते, दात्याच्या पांढऱ्या पेशी थोड्याच काळ टिकतात, त्यामुळे साधे रक्त चढवल्याने डीएनएचे चित्र सहसा बदलत नाही. मूलपेशींचे रोपण झालेल्या माणसाचे मात्र रक्तच दात्याचे होते. गालाच्या आतल्या अस्तरात दोघांची सरमिसळ सापडते. सिकलसेलवर असे रोपण हा बरा करणारा उपचार आहे आणि तो वाढत जाईल तसा हा प्रश्न विदर्भातही येईल.

न्यायालय काय म्हणते

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल या प्रश्नावर एका दिशेने गेलेले नाहीत. १९६२ च्या एका गाजलेल्या निकालात, डाग मानवी असल्याचे सिद्ध झाले नाही म्हणून परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी तुटली. १९८७ मध्ये ओरिसातल्या खटल्यात रक्त मानवी असल्याचे कळले, पण गट लागला नव्हता. तेवढ्यावरून आरोपी आणि मृत यांचा संबंध जोडता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. १९९९ मध्ये राजस्थानातल्या खटल्यात उलट बाजू मांडली गेली. डाग फार थोडा किंवा नासलेला असला तर सिरॉलॉजिस्टला मूळ सांगता येणार नाही, आणि तो अपुरेपणा दरवेळी आरोपीच्या पदरात टाकता येणार नाही. छत्तीसगडातल्या खटल्यात २०१९ मध्ये तीन न्यायाधीशांनी हे सगळे निकाल एकत्र मांडले आणि ठरावीक सूत्र नाही, बाकीचा पुरावा किती भक्कम आहे त्यावर ठरवावे, असे सांगितले.

दोन्ही बाजूंना तर्क आहे. कडक भूमिका घेणारे म्हणतात, की खेड्यात शेतीच्या अवजारावर मानवी रक्ताचा डाग असणे काही अघटित नाही, आणि गटाशिवाय तो डाग कोणाचाही असू शकतो. सैल भूमिका घेणारे म्हणतात, की आरोपीने स्वतः दाखवलेल्या जागेतून हत्यार निघाले, त्यावर मानवी रक्त निघाले आणि त्याने त्याचा खुलासा केला नाही, तर हे काहीच नाही असे म्हणता येणार नाही. पंचनाम्यावर पंच फिरले, पाकिटावरचे सील आणि अहवालातले सील जुळले नाही, मुद्देमाल ठाण्यात आठवडे पडून राहिला, तर हे दोन्ही तर्क निरर्थक होतात. प्रत्यक्षात बरेच खटले इथेच अडतात.

पितृत्वात हा ताण आणखी नाजूक होतो. हॉलिवूडमध्ये १९४५ मध्ये चार्ली चॅप्लिन यांच्याविरुद्धच्या खटल्यात रक्तगटाने ते बाप नाहीत असे दाखवले, तरी ज्यूरीने त्यांना बाप ठरवले. आपल्याकडे पुरावा कायद्याचे कलम ११२ विवाहात जन्मलेल्या मुलाला औरस मानत आले. आता भारतीय साक्ष अधिनियमात तेच कलम ११६ आहे. रक्ततपासणीचा आदेश सरसकट देऊ नये, असे १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले. २०१४ मध्ये विदर्भातल्याच एका दांपत्याच्या प्रकरणात नागपूर आणि हैदराबाद इथल्या डीएनए अहवालांनी पितृत्व नाकारले, तेव्हा न्यायालयाने विज्ञानाचे सत्य गृहीतकापेक्षा वरचे मानले. २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या प्रकरणात मुलाचे हित पुढे आले. आईबापांच्या भांडणात मुलाच्या शरीरातून पुरावा काढू नये, अशी ती भूमिका. ही दोन्ही मते आज कायद्यात शेजारी शेजारी उभी आहेत.

काय उरले आहे

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे, असे तिच्या कलम १७६ मध्ये आहे आणि राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. अमरावतीपासून सेमाडोह सुमारे शंभर किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता घाटाचा आणि पावसाळ्यात बेभरवशाचा. तज्ज्ञ पोचेपर्यंत डागाचे रक्षण कोण आणि कसे करणार, हे बीट जमादार आणि वनरक्षक यांच्या प्रशिक्षणावर अवलंबून राहील.

दुसरा प्रश्न आकड्यांचा. डीएनए जुळला म्हणजे असा योगायोग किती लोकांत एकदा घडेल, हा आकडा लोकसंख्येच्या नमुन्यावरून काढतात. इरावती कर्वे आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये महाराष्ट्रातल्या समान दर्जाच्या आठ ब्राह्मण पोटजाती तपासल्या, तेव्हा एकाच नावाखालच्या या समूहांत जैविक फरक दिसले होते. आपसांतच लग्ने करणाऱ्या समाजांत नातेवाईकांची जनुके जास्त जुळतात. संशयित आणि खरा गुन्हेगार एकाच गावचे, एकाच कुळातले असण्याची शक्यताही तिथे जास्त. कोरकू, गोंड, निहाल यांच्यासाठी देशभराच्या सरासरीवरून काढलेला आकडा लावला, तर पुराव्याचे वजन खरे असते त्यापेक्षा फुगण्याचा धोका आहे. यासाठी दुरुस्तीची गणिती सूत्रे आहेत, पण ती कोणत्या समूहाला कितीने लावायची यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

तिसरा प्रश्न याला लागूनच येतो. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले आणि आदिवासी भागांत घरोघरी रक्त तपासून नोंदी होत आहेत. उपचारासाठी दिलेल्या या रक्ताच्या माहितीला तपासयंत्रणेचा हात लागावा का? डीएनए तंत्रज्ञानाचे २०१९ चे विधेयक २०२३ मध्ये मागे घेतले गेले, त्यामुळे यावर स्वतंत्र कायदा नाही. तपासासाठी ती माहिती खुली करावी असे मानणारे गंभीर गुन्ह्यांतल्या अन्यायाकडे बोट दाखवतात. विरोध करणारे म्हणतात, की एकदा असे घडले तर पाड्यावरचा माणूस पुन्हा आशाताईसमोर बोट पुढे करणार नाही. मेळघाटात आरोग्यसेवेवरचा विश्वास किती कष्टाने कमावला गेला आहे हे पाहता, मला दुसऱ्या म्हणण्याचे पारडे जड वाटते. पण ज्या घरातला माणूस मारला गेला आणि डाग कोणाचा हे कळले नाही, त्या घरापुढे हा युक्तिवाद कसा मांडायचा, याचे उत्तर या बाजूकडेही अजून नाही.